घरातला जीवाश्मसंग्रह संस्थेला देताना

जीवाश्मांवर काही लिहिलं की वाचकांची पत्रं येतात आणि त्यांतला एक प्रश्न ठरलेला असतो. वडील भूगर्भशास्त्र शिकवत होते, खाणीत नोकरीला होते किंवा नुसतेच हौशी भटके होते. त्यांनी जमवलेले दगड झालेले शंख, लाकूड, हाडं कपाटात पडून आहेत. आता घर बदलायचं आहे, मुलं परगावी आहेत, तर हे द्यायचं कुणाला? काहींनी एखाद्या संग्रहालयाला फोन केलेला असतो आणि ‘कळवतो’ यापलीकडे उत्तर आलेलं नसतं. काहींना घरात जीवाश्म ठेवणं हाच गुन्हा वाटतो, तर काहींना याचे लाखो रुपये येतील अशी आशा असते.

या सगळ्यांना एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटते. संस्थेला तुमच्या दगडाइतकीच त्याच्यामागची माहिती हवी असते, आणि ती बहुतेक वेळा फक्त गोळा करणाऱ्याच्या डोक्यात असते. म्हणून शक्य असेल तर हे काम त्याच्या हयातीतच करा.

याचं एक उदाहरण लखनौचं. तिथली बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आज देशातली या विषयातली मोठी संस्था आहे. ती १९४६ साली उभी राहिली तेव्हा पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि त्यांच्या पत्नी सावित्री यांनी आपला जीवाश्मसंग्रह आणि ग्रंथसंग्रह तिला देऊन टाकला होता. १९४९च्या एप्रिलमध्ये इमारतीची पायाभरणी झाली आणि त्याच महिन्यात साहनी गेले. संग्रह मात्र आधीच संस्थेच्या हवाली झालेला होता.

आधी काय आहे ते वेगळं करा

कुणालाही पत्र लिहिण्याआधी सगळं सतरंजीवर मांडा आणि ढीग पाडा. घरगुती संग्रहांत जीवाश्म नसलेल्या वस्तू हमखास निघतात.

- जीवाश्मासारखं दिसणारं. दगडाच्या फटीत फांद्यांसारखी काळी नक्षी असेल तर ती बहुधा मँगनीजच्या ऑक्साइडची असते, वनस्पतीची नसते. ‘डायनोसॉरचं अंडं’ म्हणून जपलेले बरेच गोल दगड नैसर्गिक गोळेच निघतात. पण ते फेकू नका, तज्ज्ञाला दाखवा. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी ‘काकर भैरव’ म्हणून पुजले जाणारे गोल दगड डायनोसॉरची अंडी असल्याचं तज्ज्ञांनी ओळखलं, ते २०२३ साली सर्वांना कळलं.
- स्फटिक. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातले स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट हे खनिजांचे नमुने आहेत. त्यांची यादी वेगळी करा.
- आजचे प्राणी. शोकेसमधलं पोवळं, समुद्रपंखे, काही जातींचे शंख, शिंगं, हस्तिदंत यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागू होऊ शकतो. हे जीवाश्मांच्या खोक्यात मिसळून कुणाला देऊ नका. त्यांच्याबद्दल वन खात्याकडे स्वतंत्र चौकशी करा.
- विकत घेतलेलं. मोरोक्कोचे ट्रायलोबाइट, मादागास्करचे अमोनाइट बाजारात सर्रास मिळतात आणि त्यांत राळेचे बनावटही असतात. पावती असेल तर ती नमुन्याइतकीच जपून ठेवा. मंगोलिया, ब्राझील, चीन या देशांतून परवानगीशिवाय जीवाश्म बाहेर नेता येत नाहीत. तिथली वस्तू असेल तर संस्थेला तसं स्पष्ट सांगा.
- देवघरातला शाळिग्राम. गंडकीच्या पात्रातले बरेचसे शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. पण ते पूजेत असतील तर घरात सगळ्यांची संमती असल्याशिवाय यादीत घालू नका. या एका दगडावरून भावंडांत वाद होऊ शकतो.

ठिकाणाची नोंद नसेल तर

संस्था पहिला प्रश्न विचारते तो ‘कुठे सापडलं?’ हा. तो का, ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. दिसायला ते अगदी मामुली, तपकिरी, कुणी पायाने उडवून लावावेत असे. त्या गोळ्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगाला कळलं. तोच गोळा ‘विदर्भातून आणला’ एवढ्या चिठ्ठीसह कुणाच्या कपाटात असता तर त्यावरून काहीच सिद्ध करता आलं नसतं. तो कोणत्या थरातला, कोणत्या वयाचा, हे ठिकाणावरूनच ठरतं.

खोटी ठिकाणं दिली तर काय होतं, हेही आपल्याकडे घडून गेलं आहे. हिमालयातले म्हणून छापले गेलेले कितीतरी जीवाश्म भलतीकडचेच असल्याचं १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलंट यांनी उघडकीला आणलं, आणि त्या भागावरच्या अनेक वर्षांच्या लेखनावर संशयाची छाया पडली. म्हणून आठवत नसेल तिथे ‘ठाऊक नाही’ असंच लिहा. अंदाज असेल तर ‘अंदाज’ असा शब्द घाला. संशोधकाला कोरी जागा चालते, चुकीची भरलेली चालत नाही.

काही ठिकाणं तर आता उरलीच नाहीत. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या थरांत चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म मिळाले होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज तिथे शहर उभं आहे. तुमच्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या विहिरीच्या खोदकामातून किंवा बुजलेल्या खाणीतून उचललेला तुकडा असाच, पुन्हा न मिळणारा, असू शकतो.

नोंदवही अशी करा

१. प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक द्या. एकाच दगडाचे दोन तुकडे असतील तर एकच क्रमांक आणि पुढे अ, आ.

२. वहीत किंवा संगणकावर ओळीने लिहा: क्रमांक, काय वाटतं ते, गाव-तालुका-जिल्हा, नेमकी जागा, कोणी गोळा केलं, कधी, कसं मिळालं, जमीन कुणाची होती.

३. नेमकी जागा म्हणजे फक्त अक्षांश-रेखांश असं नाही. ‘गावातून ओढ्याच्या वरच्या अंगाला साधारण अर्धा किलोमीटर, पांढरट चुनखडीच्या थरात, थराच्या वर काळा दगड’ हे वर्णन फार कामाचं. जागा आठवत असेल तर मोबाइलच्या नकाशावर खूण करून आकडे उतरवून घ्या.

४. प्रत्येक नमुन्याचा फोटो काढा. शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवा.

५. जुनी चिठ्ठी कितीही मळकी असली तरी टाकू नका. नवी चिठ्ठी करा आणि जुनी तिच्याबरोबर ठेवा. अक्षर, कागद, काडेपेटीवरचा शेरा यांवरूनही सहलीचं वर्ष लागतं.

६. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई पसरते, उडते.

संग्राहक वयस्कर असतील तर नमुना त्यांच्या हातात द्या आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा. ‘हे कुठलं, बाबा?’ असं नुसतं विचारून जे आठवत नाही ते दगड हातात आल्यावर आठवतं. बरोबर कोण होतं, कच्छची सहल की तमिळनाडूतल्या अरियालूरची, पाऊस होता का. सुरुवातीला विषयाबाहेरचं वाटणारं हे बोलणं पुढे तारखा जुळवायला उपयोगी पडतं. ध्वनिमुद्रणात नमुन्याचा क्रमांक मोठ्याने सांगायला विसरू नका. माझ्या मते या सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ द्यावा तो इथे.

साफसफाईचा उत्साह आवरा

देण्याआधी वस्तू चकचकीत करावी असं वाटणं स्वाभाविक आहे, पण इथे ते नुकसानीचं ठरतं. व्हिनेगर किंवा आम्ल लावू नका, चुन्याचे शंख विरघळतात. शेलसारखे पापुद्र्यांचे दगड पाण्यात घातले तर सुटे होतात. तेल, व्हार्निश लावू नका. तुटलेलं फेव्हिक्विकने चिकटवू नका. तुकडे एका पिशवीत ठेवा. भोवतालचा दगड खरवडून काढू नका, कारण थराचा पुरावा त्यातच असतो. मऊ कुंचल्याने धूळ झटकली की पुरे.

कोकणात, मुंबईत राहत असाल तर सोनेरी चमक असलेले नमुने आधी तपासा. पायराइट दमट हवेत फुगतं, त्यावर पिवळट-पांढरी भुकटी येते, गंधकाचा उग्र वास येतो आणि त्यातून सुटणारं आम्ल शेजारची चिठ्ठीही खाऊन टाकतं. असे नमुने घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, चिठ्ठीचा फोटो आजच काढा आणि संस्थेला हे आवर्जून कळवा.

कुणाला विचारायचं

नामांकित संस्था शोधण्यापेक्षा त्या प्रकारच्या जीवाश्मांवर काम करणारी माणसं जिथे आहेत ती संस्था शोधा.

- अश्मीभूत लाकूड, पानं, फळं, परागकण: लखनौची बिरबल साहनी संस्था. नागपूर-छिंदवाडा भागातल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात सापडणाऱ्या वनस्पती तर खुद्द साहनींच्या अभ्यासाचा विषय.
- डायनोसॉरची हाडं, अंडी: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, महाराष्ट्रासाठी त्यांचं नागपूरचं मध्य विभागाचं कार्यालय.
- शंख-शिंपले, अमोनाइट: पुण्याची आघारकर संशोधन संस्था, तसंच विद्यापीठांचे भूगर्भशास्त्र विभाग.
- गोदावरी, मांजरा यांसारख्या नद्यांच्या गाळातली हत्ती-बैलांची जुनी हाडं: पुण्याचं डेक्कन कॉलेज.
- ठिकाण अजिबात माहीत नसलेले, पण देखणे नमुने: जवळचं महाविद्यालय किंवा शाळा. संशोधनाला ते चालणार नाहीत, शिकवायला उत्तम चालतात.

सगळा संग्रह एकाच ठिकाणी जावा असा आग्रह बऱ्याच कुटुंबांचा असतो. भावना समजते, पण तो आग्रह सोडावा असं मला वाटतं. लाकूड लखनौला आणि हाडं नागपूरला गेली तर दोन्ही वापरली जातील. प्रत्येक ठिकाणी संपूर्ण नोंदवहीची प्रत द्या आणि कोणते क्रमांक कुठे गेले ते तिच्यात लिहा, म्हणजे संग्रह कागदावर अखंड राहतो.

संस्थेला होकार देण्याआधी काही गोष्टी विचारा. नमुने कुठे ठेवता, नोंदणी कोण करतं, बाहेरच्या संशोधकांना पाहायला मिळतात का, आणि आत्ताचे प्राध्यापक निवृत्त झाल्यावर जबाबदारी कुणाकडे जाईल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी तो सोडू नका. एका उत्साही प्राध्यापकाच्या भरवशावर दिलेला संग्रह पुढे जिन्याखाली जातो. म्हणून पत्र व्यक्तीच्या नावे न लिहिता विभागप्रमुख किंवा संचालक या पदाच्या नावे लिहा.

पहिलं पत्र

फोनवर उत्तर मिळत नाही याचं कारण अनेकदा एवढंच असतं की ‘आमच्याकडे खूप जीवाश्म आहेत’ या वाक्यावर कुणाला काही ठरवता येत नाही. ईमेल करा, एका पानाचा. साधारण असा:

‘माझ्या वडिलांनी १९७० ते १९९५ या काळात मुख्यतः चंद्रपूर आणि कच्छ इथून गोळा केलेले सुमारे दीडशे जीवाश्म मला आपल्या संस्थेला विनामूल्य द्यायचे आहेत. त्यांपैकी शंभरांच्या ठिकाणाची लेखी नोंद आहे. यादी आणि निवडक फोटो जोडले आहेत. आपण पाहायला येऊ शकाल का, किंवा नमुने कसे दाखवावेत, ते कळवावं.’

महिनाभर वाट पाहा, एकदा आठवण करा, मग पुढच्या संस्थेकडे जा. एकाच वेळी दोघांना शब्द देऊ नका. आणि न विचारता खोकी नेऊन दारात ठेवू नका. अशा बेवारस खोक्यांची नोंद होत नाही.

नकार आला तर तो तुमच्या वडिलांच्या कामाचा अपमान समजू नका. जागा नसते, नोंदणी करायला माणूस नसतो, त्या प्रकारचे नमुने आधीच भरपूर असतात. ‘मग कुणाला विचारू?’ एवढं मात्र विचारा. संस्था निवडक नमुने घेऊ म्हणाली तरी तो चांगला प्रस्ताव आहे.

कागद आणि तुमचे हक्क

मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार जंगम वस्तूचं दान प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होतं. पण ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलं गेलं पाहिजे. म्हणजे ‘बाबांनी देतो म्हटलं होतं’ एवढ्याने काही होत नाही. ताबा पुरेसा असला तरी लेखी करून घ्याच. दस्त नोंदवायचा असेल तर मुद्रांक शुल्काची चौकशी आधी करा.

दानपत्रात किंवा स्वीकृतीपत्रात हे असावं:

- क्रमांकांसह यादी, दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, शिक्का.
- हे दान आहे की ठरावीक मुदतीसाठी दिलेली वस्तू, याचा स्पष्ट उल्लेख.
- संस्थेच्या नोंदीत संग्राहकाचं नाव कसं येईल.
- संस्थेला पुढे संग्रह नको झाला तर तो विकायचा नाही, दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला द्यायचा.
- कुटुंबीयांना आधी कळवून पाहायला येता येईल.

या गोष्टी मागण्यात गैर काही नाही. मात्र ‘कायम दर्शनी भागात मांडा’, ‘स्वतंत्र दालन काढा’, ‘कुणालाही हात लावू देऊ नका’ अशा अटी घालू नका. संशोधनात नमुना कधी कापावाही लागतो. लाकडाची जात ओळखायला त्याचे पातळ काप घ्यावेच लागतात. आणि कपाटात ठेवलेला नमुना म्हणजे वाया गेलेला नमुना नव्हे. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना १९८०च्या दशकात गुजरातमध्ये डायनोसॉरच्या अंड्यांच्या घरट्याचा एक नमुना मिळाला होता. त्यात अंड्यांपाशी साप आहे हे २००१ साली अमेरिकेचे जीवाश्मतज्ज्ञ जेफ विल्सन यांच्या लक्षात आलं आणि २०१० साली त्याला ‘सनाजेह इंडिकस’ असं नाव मिळालं. इतकी वर्षं तो नमुना सांभाळलेला होता म्हणून हे घडलं.

दिल्यानंतर संस्थेचा नोंदणी क्रमांक मागा. तो तुमचा सर्वांत महत्त्वाचा कागद. मोठ्या संस्थांतही वस्तू हरवतात. जबलपूरला १८२८ साली ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना मिळालेल्या हाडांवरून १८७७ साली ‘टायटनोसॉरस’ हे नाव दिलं गेलं. तो मूळ मणका नंतर इतका बेपत्ता झाला की सगळ्यांनी आशा सोडली होती. शेवटी २०१२ साली तो कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला.

पैशांबद्दल थोडक्यात: आयकरातली देणगीची वजावट पैशांच्या देणगीला असते, वस्तूंच्या देणगीला नाही. किंमत ठरवून देणं हे संस्थेचं काम नाही, तशी अपेक्षा ठेवू नका.

‘हे बेकायदा तर नाही ना?’

भूवारसा स्थळं आणि जीवाश्मांसारखे भूअवशेष यांच्यासाठीच्या कायद्याचा मसुदा खाण मंत्रालयाने २०२२ साली जाहीर केला होता. देणगीच्या वेळी त्याची स्थिती काय आहे ते संस्थेलाच विचारा. पण इतर कायदे आहेतच. वनजमिनीतला दगडही वन कायद्यातल्या वनोपजाच्या व्याख्येत येतो, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातून काही उचलता येत नाही, आणि खासगी शेतातून नेताना मालकाची परवानगी लागते. जुन्या संग्रहातली एखादी वस्तू अशा जागेवरची असेल तर जागा लपवू नका आणि बदलून तर मुळीच सांगू नका. खरं ठिकाण सांगून ती कशी स्वीकारता येईल हे संस्थेला ठरवू द्या. आता नव्याने गोळा करणं मात्र परवानगीशिवाय नको. परदेशातल्या नातेवाइकांकडे किंवा तिथल्या संग्रहालयाला कुरिअरने नमुने पाठवू नका. उलट तुम्ही परदेशात असाल आणि तुमच्याकडे भारतातले जीवाश्म असतील, तर पहिला ईमेल भारतातल्या संस्थेला करा.

हयातीनंतर द्यायचे असतील तर

मृत्युपत्रात संस्थेचं पूर्ण नाव, ‘यादीप्रमाणे’ हा शब्द आणि दुसऱ्या पसंतीची संस्था लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. संस्थेला आधी विचारून ठेवा, कारण मृत्युपत्रात लिहिलं म्हणून ती घ्यायला बांधील नसते. संग्राहक मृत्युपत्र न करता गेले असतील तर सर्व वारसांची लेखी संमती घेऊन मगच पुढे जा.

पाठवणीच्या दिवशी

शक्यतो स्वतः गाडीने न्या. लहान नमुने अंड्यांच्या ट्रेमध्ये किंवा काडेपेट्यांत, मधले मिठाईच्या खोक्यांत, जड दगड वेगळ्या पेटीत. कापूस थेट लावू नका, तंतू अडकतात. टिश्यू पेपर वापरा. प्रत्येक पिशवीत आत एक चिठ्ठी आणि बाहेर क्रमांक. यादीच्या दोन प्रती न्या, तिथे एकेक नमुना मोजून द्या आणि सही घेऊनच निघा. नोंदवहीची प्रत आणि ध्वनिमुद्रण त्याच वेळी द्या, ‘नंतर पाठवतो’ म्हणू नका. नोंदणी क्रमांकांची यादी यायला काही महिने लागतात. आली नाही तर पत्र लिहून मागा.